२०१६ची फुटी फायनल्स : सातव्या नंबरावरून आलेले डॉग्ज

वेरिबीकर

मागच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "मेलबर्नमध्ये राहून तुम्ही लोक ती लांबुळक्या चेंडूची मारामारी खरंच बघता का?" बघतो की! का बघतो ते तिथे लिहायला बसलो आणि प्रतिसाद एवढा वाढला की वेगळा धागाच काढावा म्हटलं. बायको म्हणते याला कुत्रं चावलंय. चावलंच आहे, तारखेनिशी सांगतो : ८ सप्टेंबर २०१६, गुरुवार, घरात गौरी आलेल्या.

खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या बोलीत 'फुटी'. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. दोन्हीकडे १८-१८ खेळाडू, मैदान क्रिकेटचं, ऑफसाइड वगैरे भानगड नाही. चेंडू फेकायचा नाही. लाथेने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. लांबून लाथेने आलेला चेंडू वरच्यावर झेलला की तो 'मार्क', मग निवांत किक मारायला मिळते. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला की 'बिहाइंड', १ गुण. म्हणजे नेम चुकला तरी पदरात एक पडतो. स्कोअर लिहितात १३.११ (८९) असा : १३ गोल, ११ बिहाइंड, मिळून ८९. हे सहा-एकचं गणित लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं रडगाणं आहे.

आता फायनल्स. २०१६ला १८ संघांतले वरचे ८ यायचे. पहिला चौथ्याशी, दुसरा तिसऱ्याशी; यांतला कुणी हरला तरी त्याला आणखी एक संधी. पाचवा आठव्याशी, सहावा सातव्याशी; इथे हरलात की बॅग भरायची. ओळखीचं वाटतंय ना? आयपीएलमधलं क्वालिफायर-एलिमिनेटर प्रकरण या घराण्यातलंच. व्हिक्टोरियाच्या लीगने चार संघांसाठी ती पद्धत १९३१ साली आणली, आयपीएलने २०११ला घेतली. आपल्याकडे लोकांना वाटतं ललित मोदींच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल.

तर २०१६ला सातव्या नंबरावर होते वेस्टर्न बुलडॉग्ज. जुनं नाव फुटस्क्रे. मेलबर्नच्या पश्चिमेकडची गिरण्या-कारखान्यांची, गोदीची, मजुरांची वस्ती. आमच्या गिरणगावासारखीच म्हणा, भोंग्यावर चालणारी. २००९ला मी या देशात आलो तेव्हा वेस्ट फुटस्क्रेला भाड्याने राहायचो, कारण भाडं परवडायचं आणि बार्कली स्ट्रीटवर देशी जेवण मिळायचं. क्लबाचं मैदान, व्हिटन ओव्हल, तिथून चालत. स्टेशनला जाता-येता टेड व्हिटनचा (क्लबाचा जुना दिग्गज खेळाडू) पुतळा दिसायचा. बरीच वर्षं मी त्याला कुणीतरी शहीद समजत होतो.

शेजारी एक आजी राहायच्या. एकट्या. त्यांच्या विणलेल्या लाल-पांढऱ्या-निळ्या मफलरीला एक पत्र्याचा बिल्ला असायचा, रंग उडालेला, १९५४चा. त्या साली फुटस्क्रेने ग्रँड फायनलमध्ये मेलबर्न क्लबाला १०२-५१ असं धुतलं होतं आणि या आठ-नऊ वर्षांच्या, वडिलांच्या खांद्यावर. ते क्लबाचं पहिलं अजिंक्यपद. आणि पुढची ६२ वर्षं शेवटचंही.

मधल्या काळात काय झालं? १९६१ला पुन्हा ग्रँड फायनल, हॉथॉर्नकडून ४३ गुणांनी हार. त्यानंतर ग्रँड फायनल नाहीच. एक पायरी आधीची प्रिलिमिनरी फायनल मात्र सात वेळा गाठली आणि सातही वेळा हरले : १९८५, ९२, ९७, ९८, २००८, ०९, १०. मधेच १९८९ला लीगने ठरवलं की या दिवाळखोर क्लबाचं फिट्झरॉयमध्ये विलीनीकरण करून टाकू. मग लोक डबे घेऊन दारोदार फिरले, पैसे जमवले, कोर्टात गेले आणि क्लब वाचवला. आजीही त्यात होत्या. "बाकीचे ट्रॉफ्या मोजतात, आम्ही पावत्या मोजल्या," असं त्या म्हणायच्या.

या सातांतली १९९७ची गोष्ट आजी कधी पूर्ण सांगू शकल्या नाहीत. मध्यंतराला ३१ गुणांनी पुढे होते, समोर ॲडलेड. शेवटच्या क्वार्टरमध्ये टोनी लिबरातोरने किक मारली आणि गोल झाला म्हणून नाचत सुटला. गोल-पंचाने मात्र एकच झेंडा हलवला. बिहाइंड. सहाऐवजी एक. सामना गेला २ गुणांनी. तेव्हा व्हिडिओ रिव्ह्यू वगैरे काही नव्हतं. ॲडलेड पुढे अजिंक्य झालं.

हे सगळं माहीत असलं की २०१६चे चार सामने वेगळे दिसतात. प्रत्येक सामन्यात कुठलीतरी जुनी उधारी होती.

पहिला पर्थला, वेस्ट कोस्टशी. सगळ्यांनी डॉग्जचं श्राद्ध आधीच घालून ठेवलेलं. पण लिबरातोर (टोनीचा मुलगा टॉम), मॅक्रे, ईस्टन वुड असे दुखापतीतून बरे होऊन परतले होते. आमच्याकडे गौरी बसवून झालेल्या, शेपूची भाजी-भाकरीचा नैवेद्य झालेला. आजी दर वर्षी गौरीला यायच्या आणि मुखवट्यांना न चुकता 'द गर्ल्स' म्हणायच्या. त्या दिवशी हळदीकुंकू घेऊन निघाल्या नाहीत. "तुमचा टीव्ही मोठा आहे," एवढंच म्हणाल्या. ९९-५२. सत्तेचाळीस गुणांनी जिंकले! आजींनी ताटातली भाकरी तशीच ठेवली होती, ती सामना संपल्यावर, गार झालेली, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

दुसरा हॉथॉर्नशी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, एमसीजीवर. हॉथॉर्न म्हणजे १९६१ला हरवणारे, आणि आता २०१३, १४, १५ असे सलग तीनदा अजिंक्य. शिवाय त्याच मोसमात तिसऱ्या फेरीत त्यांच्याशी खेळताना आमचा कप्तान बॉब मर्फीचा गुडघा गेला होता, वर्षच संपलं त्याचं. आणि आमचा कोच ल्यूक बेव्हरिज पूर्वी हॉथॉर्नमध्येच सहायक. म्हणजे आखाडा त्यांचा, वस्तादही त्यांच्याच तालमीतला. १०७-८४. राजवट खालसा.

खरं तर हॉथॉर्न आमच्या वाट्याला यायलाच नको होते. आधीच्या आठवड्यात जीलाँगविरुद्ध ते २ गुणांनी मागे असताना शेवटची किक आयझॅक स्मिथकडे होती, सायरन वाजून गेलेला. गोल झाला असता तर ते थेट प्रिलिमिनरीला. चेंडू बाहेर गेला. नशिबाची घडी कुठे उलगडते बघा.

तिसरा, सिडनीत, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) जायंट्सशी. २०१२ला लीगमध्ये आलेला नवाकोरा क्लब, पैसा भरपूर, गुणी पोरं भरपूर. २०१४च्या शेवटी आमचा तेव्हाचा कप्तान रायन ग्रिफिन आम्हाला सोडून तिकडे गेला, कोचनेही पद सोडलं. बदल्यात आम्ही घेतला टॉम बॉईड, १९ वर्षांचा पोरगा, सात वर्षांचा करार, लाखो डॉलर. दोन वर्षं लोक त्याला पगारावरून टोमणे मारत होते. त्याआधी कॅलन वॉर्डही तिकडे गेलेला, आणि आता तो त्यांचा सहकप्तान. म्हणजे आमचे दोघं त्यांच्याकडे, त्यांचा एक आमच्याकडे. सोयरीक मोडलेल्या दोन घरांचा सामना.

त्या सामन्याला मी गेलो होतो. चौघे मित्र, एक जुनी गाडी, ह्यूम हायवेने साडेआठशेच्या वर किलोमीटर. रात्री निघालो. एकाच्या आईचा सांगलीहून फोन, "पितृपक्षात कुठं निघालास रे?" तो म्हणाला, "ऑफिसचं काम." गंडगाईजवळ टकरबॉक्सवर (शिदोरीच्या पेटीवर) बसलेल्या कुत्र्याचा प्रसिद्ध पुतळा आहे, १९३२ पासूनचा. पहाटे तिथे थांबलो तर आमच्याआधी डॉग्जवाल्यांच्या पाच-सहा गाड्या. थर्मासमधला चहा अनोळखी लोक एकमेकांना देत होते. एका म्हाताऱ्याने पुतळ्याच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. अगदी आपल्यासारखा! त्याला हे कुणी शिकवलं देव जाणे.

सामना मला सलग आठवतच नाही. वॉर्डच्या डोक्याला लागून तो बाहेर गेला, आमच्या रफहेडच्या डोळ्याला लागून तो बाहेर. क्ले स्मिथने चार गोल मारले. याचा गुडघा तीनदा उघडून शिवलेला. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन गोलांहून जास्त मागे होतो. मग बाँटेम्पेली, वय वर्षं २०, असा खेळला की जणू अंगणातला सामना आहे. शेवटी जॅक मॅक्रेची किक. जवळून होती, सरळ होती, आणि माझ्या पुढच्या रांगेतली बाई डोळे मिटून उभी होती. गोल. ८९-८३. सात प्रिलिमिनरी हरल्यानंतर आठवी जिंकली.

चौथा. शनिवार, १ ऑक्टोबर. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावस्या आणि व्हिक्टोरियात ग्रँड फायनलच्या मिरवणुकीची सरकारी सुट्टी (हो, इथे सामन्याच्या आदल्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, हसू नका). शनिवारी घटस्थापना. सकाळी घट बसवले, माती चाळताना हात थरथरत होते म्हणून बायकोने परडी काढून घेतली. तिकीट मिळालं नव्हतं. व्हिटन ओव्हलवर मोठा पडदा लावला होता, तिथे गेलो.

समोर सिडनी स्वान्स, गुणतक्त्यात पहिले. मध्यंतराला तेच २ गुणांनी पुढे. तिसऱ्या क्वार्टरअखेर आम्ही ८ने पुढे. शेवटच्या क्वार्टरमध्ये योहानिसनने लांबून मारलेला चेंडू टप्पे खात आत गेला, अख्खं मैदान उठलं, अनोळखी माणसाने मला उचललं. आणि पंच म्हणाले, थांबा, रिव्ह्यू. चेंडूला सिडनीवाल्याचं बोट लागलेलं. बिहाइंड. सहाऐवजी एक.

त्या क्षणी माझ्या आजूबाजूच्या हजारो लोकांना एकच गोष्ट आठवली आणि कुणीही ती बोललं नाही. १९९७.

पण या वेळी पुढे काय झालं, तर डेल मॉरिसने सिडनीचा सगळ्यात मोठा हुकमी एक्का लान्स फ्रँकलिन याला मागून पकडून पाडलं. मॉरिसच्या पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर होतं हे नंतर कळलं. चेंडू सुटला तो टॉम बॉईडकडे. त्याच, टोमणे खाणाऱ्या. साठेक मीटरवरून त्याने फक्त ठेवून दिला. गोलासमोर कुणी नव्हतं. चेंडू पडला, उसळला, आणि या चेंडूचं तुम्हाला माहीत आहे, तो कुठे उसळेल ते त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. सरळ आत गेला. पुढे लियाम पिकनने शेवटचा खिळा ठोकला. १३.११ (८९) विरुद्ध १०.७ (६७).

बक्षीस समारंभात बेव्हरिजने स्वतःच्या गळ्यातलं कोचचं मेडल काढून, बॉब मर्फीला स्टेजवर बोलावून त्याच्या गळ्यात घातलं. मर्फी पुढच्या वर्षी ३१२ सामन्यांवर निवृत्त झाला, ग्रँड फायनल एकही न खेळता. तो प्रसंग मी दर वर्षी एकदा तरी बघतो. तेवढ्यापुरता घरात कांदा चिरायला घेतो.

सातव्या नंबरावरून अजिंक्यपद तोवर कुणीच जिंकलं नव्हतं. आता बोला.

____

निंबोणी

मस्त लिहिलंय! काही म्हणजे काही कळत नसूनही शेवटपर्यंत वाचलं. एक शंका : त्या योहानिसनचा बिहाइंड दिला म्हणजे १ गुण तरी मिळालाच ना? मग एवढं दुःख कशाचं? आमच्याकडे चुकलेल्या पेनल्टीला काहीच मिळत नाही.

____

वेरिबीकर

@निंबोणी, दुःख पाच गुणांचं नसतं हो. गोल झाला की चेंडू परत मध्यभागी नेऊन नव्याने टाकतात. बिहाइंड झाला की चेंडू थेट समोरच्यांच्या हातात. म्हणजे तुम्ही एक रुपया घेतलात आणि घराची किल्ली देऊन आलात.

____

स्वान_सातारकर

मी सिडनीचा. वरचा लेख म्हणजे लग्नातल्या फक्त वरपक्षाचा अल्बम आहे. वधूपक्षाचं ऐका.

त्या ग्रँड फायनलमध्ये फ्री किक किती मिळाल्या? बुलडॉग्जना २०, आम्हाला ८. वीस विरुद्ध आठ! हेच धागाकर्त्याने सोयीस्कर गाळलंय. शेवटच्या क्वार्टरमध्ये ईस्टन वुड घसरत येऊन हॅनबरीच्या गुडघ्यावर आदळला, हॅनबरी बाहेर गेला, शिट्टी नाही. फ्रँकलिनचा घोटा पहिल्याच क्वार्टरमध्ये मुरगळलेला. तेव्हा "मॉरिसने हुकमी एक्का पाडला" वगैरे ठीक आहे, पण एक्का लंगडत होता.

आणि दुष्काळाचं कौतुक आम्हाला नका सांगू. आमचा क्लब मुळात साउथ मेलबर्नचा. १९३३ला जिंकलो ते थेट २००५ला. ७२ वर्षं. तुमच्यापेक्षा दहा जास्त. मधे १९८२ला क्लबच उचलून सिडनीला नेला. तुमचा विलीन होता होता वाचला, आमचा तर घरदार सोडून परगावी गेला. साउथ मेलबर्नची जुनी मंडळी अजून सामन्याला येतात, त्यांना विचारा घर सुटणं म्हणजे काय.

बाकी लेखन छान. पुढील लेखनास शुभेच्छा.

____

खडूस

एवढा मोठा लेख वाचून कळलं की ऑस्ट्रेलियात कबड्डी आणि रग्बीचं लग्न लावलंय. जगात एकच देश खेळतो आणि हेच अजिंक्य. वा.

____

होमबुशचा_बंड्या

@खडूस, जगात एकच देश खेळतो आणि तरी त्या दिवशी एमसीजीवर ९९,९८१ लोक होते. कोहलीने पाकिस्तानला २०२२ला तिथेच नाबाद ८२ मारल्या, तेव्हा ९०,२९३. घ्या.

धाग्याबद्दल : मी जीडब्ल्यूएसवाला, अगदी सुरुवातीपासूनचा. घराजवळ मैदान, पोराला फुकट टोपी मिळाली, पडलो प्रेमात. त्या प्रिलिमिनरीला मीही होतो. २१,७९० प्रेक्षक, आणि आमच्याच मैदानावर आवाज पाहुण्यांचा जास्त. निम्मं फुटस्क्रे उठून आलं होतं. वेरिबीकर, तुमची पुढच्या रांगेतली डोळे मिटलेली बाई मला आठवते की काय असं वाटतंय, पण तशा तिथे पाचशे तरी असतील.

आमचं दुःख कुणी विचारत नाही, कारण आमच्याकडे सांगायला जुन्या जखमा नाहीत. पाच वर्षांचा क्लब. हरल्यावर रडायला आजोबांची गोष्टही नाही! पोरगा तेव्हा सात वर्षांचा. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, आता आपली पण स्टोरी झाली ना?" त्याला काय उत्तर देणार.

____

आडकित्ता

भावना बाजूला ठेवून थोडं गणित मांडू का?

२०१६ हे पहिलं वर्ष, जेव्हा साखळी संपल्यावर फायनल्सच्या आधी सगळ्यांना एक आठवडा सुट्टी दिली. आदल्या वर्षी नॉर्थ मेलबर्न आणि फ्रीमँटलने शेवटच्या फेरीत मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते, त्यावरचा हा उतारा. आता या सुट्टीचा फायदा कुणाला? ज्याचे खेळाडू दवाखान्यात आहेत त्याला. डॉग्जचे तिघे-चौघे नेमके त्या आठवड्यात उभे राहिले. ती सुट्टी नसती तर पर्थलाच गाशा गुंडाळला असता.

आणि तोटा कुणाला? पहिल्या आठवड्यात जिंकलेल्यांना. जीलाँग आणि जीडब्ल्यूएस जिंकले, बक्षीस म्हणून त्यांना पुन्हा एक आठवडा सुट्टी. म्हणजे महिनाभरात जेमतेम एक सामना. अंग गार. दोघंही प्रिलिमिनरी हरले. जीलाँग तर स्वान्सकडून ३७ गुणांनी, स्वतःच्या राज्यात, एमसीजीवर. जिंकलेल्याला शिक्षा आणि हरलेल्याला सराव, अशी ही पद्धत.

थोडक्यात, परीकथा वगैरे ठीक, पण वेळापत्रकाने डॉग्जच्या पानात तूप जरा जास्तच वाढलं.

____

स्वान_सातारकर

आडकित्ता यांच्याशी सहमत. (माझ्या क्लबाला त्याच वेळापत्रकाचा फायदा झाला हे कुणी लक्षात आणून देऊ नये.)

____

पर्थची_मावशी

आमचा उल्लेख फक्त "४७ गुणांनी हरले" एवढ्यापुरता, ठीक आहे. त्या दिवशी मी सुबियाकोच्या मैदानावर होते, भर थंडीत, घरच्या गौरी जावेवर टाकून. त्याचंच पाप लागलं असं सासूबाई अजून म्हणतात. २०१८ला आम्ही जिंकलो तेव्हा त्याच सासूबाई टीव्हीसमोर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, कॉलिंगवुडवर ५ गुणांनी. तेव्हा माझ्याकडून उधारी फिटली असं समजा.

____

वेरिबीकर

एकेकाचं उत्तर देतो, जेवण राहिलंय.

@स्वान_सातारकर : २०-८ मुद्दामच गाळलं, चोरी पकडलीत. हॅनबरीची फ्री किक तुम्हाला मिळायला हवी होती, हेही मान्य. बारांचा फरक छोटा नाही. पण आमची पोरं चेंडूवर आधी पडत होती, आणि जो आधी पडतो त्याच्या पाठीवर दुसरा पडतो, मग शिट्टी पहिल्याच्या बाजूने वाजते. सगळ्या बारा अशाच होत्या असं म्हणत नाही. साउथ मेलबर्नच्या मुद्द्यावर मात्र गप्प बसतो. बहात्तरापुढे बासष्टाने बोलू नये.

@आडकित्ता : सुट्टीचा फायदा झाला, शंभर टक्के. पण तुमच्या गणितात एक आकडा राहिला. २०१६चा गुणतक्ता काढून बघा. पहिले तीन संघ १७ सामने जिंकलेले, पुढचे तीन १६, आणि सातवे आम्ही १५. आठवे नॉर्थ मेलबर्न एकदम १२ वर. म्हणजे पहिला आणि सातवा यांच्यात फक्त दोन विजयांचं अंतर. एरवी १५ विजयांत माणूस पहिल्या चारांत बसतो. तेव्हा "सातव्या नंबरावरून" हे ऐकायला जेवढं भारी वाटतं तेवढं ते खरं नाही, हे मी स्वतःच सांगतो. त्याच मोसमात आम्ही सिडनीत जाऊन स्वान्सना ४ गुणांनी हरवलं होतं, शेवटच्या क्षणी, तोच योहानिसन. आम्ही गरीब होतो, दुबळे नव्हतो.

आणि अंग गार पडण्याबद्दल : जीडब्ल्यूएस त्या दिवशी गार अजिबात नव्हते. बंड्या साक्षीला आहे.

____

होमबुशचा_बंड्या

साक्ष देतो. गार नव्हतो. हरलो.

____

गोट्या_१९

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

____

आडकित्ता

पंधरा विजयांचा मुद्दा मान्य, तेवढा मी पाहिला नव्हता. पण मग पुढच्या वर्षी काय झालं तेही लिहा की. २०१७ला हेच डॉग्ज पहिल्या आठांतही नव्हते. २०२१ला पुन्हा ग्रँड फायनलला आले, कोविडमुळे ती पर्थला झाली, आणि मेलबर्नने त्यांना ७४ गुणांनी लोळवलं. म्हणजे १९५४ला ज्यांना हरवलं त्यांनीच व्याजासकट वसूल केलं. त्यांचाही ५७ वर्षांचा दुष्काळ होता. हा खेळ आहे की सावकारी?

____

पर्थची_मावशी

त्या २०२१च्या सामन्यालाही मी होते. या वेळी गौरी झाल्यावर गेले. 🙂

____

निंबोणी

एक विचारू का? टॉम बॉईडचं पुढे काय झालं? एवढ्या टोमण्यांनंतर तो गोल, म्हणजे सगळं गोड झालं असेल ना?

____

वेरिबीकर

नाही झालं. त्या दिवशी त्याने तीन गोल मारले, हवेतले झेल घेतले, कित्येकांच्या मते सामनावीराचं नॉर्म स्मिथ मेडल त्याला मिळालं असतं तरी चाललं असतं (मिळालं योहानिसनला, तोही हक्काचाच). पुढच्याच वर्षी तो मानसिक आजारासाठी खेळातून बाजूला झाला आणि ते त्याने लपवलं नाही. पाठही दुखत होती. २०१९मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, करारातले उरलेले पैसे सोडून निवृत्त झाला. क्लबाने पैसे फुकट घालवले असं म्हणणारे अजूनही भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, मोबाइलवर तो साठ मीटरचा गोल लावून त्यांच्या हातात देतो.

____

खडूस

बघितला तो गोल. चेंडू वेड्यासारखा उसळतो राव. दोनदा बघितला.

(मत बदललेलं नाही.)

____

निंबोणी

आणि शेवटचा प्रश्न, मग सोडते. आजी कुठे होत्या ग्रँड फायनलला? तुम्ही व्हिटन ओव्हलवर होतात एवढंच लिहिलंय.

____

वेरिबीकर

त्यांना सदस्यांच्या सोडतीत तिकीट लागलं होतं, त्यांनी भाच्याला दिलं. म्हणाल्या, "१९५४ला मी होते, आता दुसऱ्या कुणाची तरी पाळी." मी त्यांना ओव्हलवर चला म्हटलं तर आल्या नाहीत. बायको आमच्या घटापाशी होती, तिने सांगितलं ते असं : तीन क्वार्टर आजींनी घरी टीव्हीवर पाहिले. चौथा सुरू झाला तशा त्या झाडू घेऊन मागच्या अंगणात आल्या आणि झाडायला लागल्या. अंगण आधीच स्वच्छ होतं. आतला टीव्हीचा आवाज त्यांनी पूर्ण बंद केला होता. बायकोने कुंपणावरून विचारलं, स्कोअर सांगू का? तर मानेने नको म्हणाल्या. सायरन वाजल्यावर गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तेव्हा झाडू थांबला.

पुढच्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या, सामन्याचं रेकॉर्डिंग बघायला. घट चांगले उगवले होते, ते त्यांनी निरखून पाहिले, 'गर्ल्स' कुठे गेल्या ते विचारलं. मग चहा घेऊन बसल्या. पहिला क्वार्टर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. निकाल सगळ्या जगाला माहीत होऊन आठवडा उलटलेला. चौथा क्वार्टर लागला आणि आजी कप खाली ठेवून उठल्या.

"तुमचं अंगण जरा झाडते," म्हणाल्या.